तायमीच्या भुवया

वर्षभर रोज सकाळी मी माझ्या बहिणीच्या भुवया काढत होते. यात कुणाला गंमत वाटत असेल, तर त्याने आठवडाभर आमच्या बाथरूममध्ये हातात पेन्सिल घेऊन उभं राहून दाखवावं.

तायमी माझ्याहून मोठी. ती तरुण होती तेव्हा बारीक भुवयांची टूम निघाली होती. बाईसाहेबांनी चिमट्याने उपटून उपटून त्यांच्या नुसत्या रेघा केल्या, आणि मग त्या रेघाही गेल्या. पुन्हा काही उगवलंच नाही. तेव्हापासून पेन्सिल. तिचा नवरा देवाघरी गेला, पण बायकोचं बिनभुवयांचं कपाळ त्यानेही कधी पाहिलं नाही, हे ती अजून मिरवून सांगते.

मग तिचे हात थरथरायला लागले. डॉक्टर म्हणाले, यात जिवाला धोका नाही, पण हे जाणारही नाही. चहाकॉफीचं ठीक, कप अर्धाच भरायचा. पेन्सिलचं काय करणार? एक भुवई कपाळात जायची आणि दुसरी पापणीवर उतरायची. माझा घटस्फोट झाल्यापासून आम्ही दोघी कॅनडात, थंडर बेमधल्या बाबांच्या घरात एकत्र राहतो, म्हणून पेन्सिल माझ्या गळ्यात पडली.

"सिर्का, डावी जरा वर घे."

"घेतली."

"आता मी रागावलेली दिसतेय."

"तू रागावलेलीच आहेस."

"मग निदान सारखी तरी रागावलेली काढ ना!"

शेवटी मीच ऑर्नेला शोधून काढली. चाळिशीची, इटालियन घरातली, भुवया गोंदायचं दुकान चालवणारी. तायमी आधी तयारच नव्हती. "गोंदवून घ्यायला मी काय खलाशी आहे?" म्हणाली. मी म्हटलं, "ठीक आहे, उद्यापासून तुझी पेन्सिल तूच धर." दुसऱ्या दिवशी दुपारी ती गुपचूप कोट घालून दारात उभी.

ऑर्नेलाने सगळं नीट समजावून सांगितलं. आधी सुन्न करायचं मलम, मग दोऱ्याने मोजून भुवयांची आखणी, ती पसंत पडली तरच सुई. "ही भुवई जन्मभराची नाही, वर्षदीड वर्षात फिकी पडते. सुरुवातीला फार काळी दिसेल, घाबरायचं नाही. मग खपली धरेल, ती उचकटायची नाही. खपली पडली की वाटेल सगळं पुसलं गेलं. तेव्हाही घाबरायचं नाही, रंग हळूहळू वर येतो. दीड महिन्याने पुन्हा या, राहिलेलं मी भरून देते. आणि तोवर पोहणं नाही, घाम नाही, सौना तर मुळीच नाही."

"सौना नाही?" तायमीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला फसवून इथे आणलंय. आमच्याकडे शनिवारी सौना म्हणजे सौना. बाबांनी अंगणात बांधलेली लाकडी खोली, तापलेले दगड, त्यांवर पाणी ओतून वाफ. आजारपण असो, बर्फाचं वादळ असो, ती चुकत नाही.

"खपली पडून कातडी पूर्ण भरेपर्यंत नाही," ऑर्नेला म्हणाली.

"बरं," तायमी म्हणाली. तिचं ते 'बरं' मी लहानपणापासून ओळखते. त्याचा अर्थ 'नाही' असतो.

गोंदताना मात्र ती दगडासारखी पडून राहिली. सुयांच्या बारीक पात्याचा कागद खरवडल्यासारखा आवाज येत होता. तिचा हात माझ्या हातात होता आणि तो थरथरायचा थांबत नव्हता. "माझ्या हातामुळे तुझी रेघ चुकेल," ती हळूच म्हणाली.

"हात नाचू दे, तायमी," ऑर्नेला म्हणाली. "मला फक्त कपाळ हवंय." तायमी हसली, आणि ऑर्नेला ओरडली, "हसायचं नाही!"

घरी आल्यावर आमच्या हालांना सुरुवात झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून किंकाळी आली.

"सिर्का! कोळसा फासलाय मला! कोळसा!"

"ती म्हणाली होती ना, काळ्या दिसतील?"

"काळ्या म्हणाली होती. ह्या तर रेल्वेचे रूळ आहेत!"

नंतर खाज सुटली. रात्री टीव्ही बघताबघता तिचं बोट कपाळाकडे निघालं की मी ओरडायची, "हात खाली!" असं बाळंतिणीच्या पोरालाही कुणी राखत नसेल. मलम अगदी पातळ लावायचं होतं, तर ही पावाला लोणी लावल्यासारखं थापायची. चेहरा धुताना कपाळ वाचवायचं म्हणून मी तिला ओला रुमाल दिला, तिने तो भुवयांवरच टाकला आणि म्हणाली, "गार वाटतं." मी रुमाल ओढून घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

आणि शनिवार आला. मी किराणा आणायला गेले होते. परत आले तर सौनाच्या धुराड्यातून धूर. दार उघडलं, तर आतल्या फळीवर तायमी बसलेली, डोक्याभोवती स्वयंपाकघरातला प्लास्टिकचा कागद गुंडाळलेला, भुवया त्याच्या आत, आणि कागदाच्या आतून घामाचे ओघळ.

"कागद लावलाय ना!" तीच माझ्यावर खेकसली. "आणि दार लाव, वाफ जातेय!"

मी कपाळाला हात लावला. माझ्या, तिच्या नव्हे.

व्हायचं तेच झालं. उजवी भुवई धड राहिली, डावीचा शेपटाकडचा अर्धा भाग गायब. ऑर्नेलाला फोन केला. ती म्हणाली, "आता काहीही लावू नका. पेन्सिलसुद्धा नाही. कातडी भरू दे."

पेन्सिलसुद्धा नाही! तायमीने घराबाहेर पडायचंच सोडलं. दोन रविवार फिनिश मंडळाच्या नाश्त्यालाही गेली नाही. तिसऱ्या रविवारी तिथे आमच्या मैत्रिणीची, आयनोची पंचाहत्तरी होती आणि तिच्यासाठी पुल्ला भाजून न्यायचं तायमीने कबूल केलं होतं. तो वेणीसारखा विणलेला गोड पाव माझ्या हातून कधीच फुगत नाही. तायमीने तो भाजला, कोट घातला, टोपी नाकापर्यंत ओढली आणि गाडीत बसली.

"टोपी घालून जेवणार आहेस?" मी विचारलं.

"गाडी चालव."

मंडळाच्या हॉलमध्ये शिरताच आयनोने तिला मिठी मारली आणि हौसेने टोपी काढून घेतली. तायमी तशीच उभी, दीड भुवई घेऊन, भुवया गेल्यापासून पहिल्यांदा पेन्सिलशिवाय लोकांत.

कुणी काही बोललं नाही. बोलणार काय, कुणाच्या लक्षातच आलं नाही! आयनोने पुल्ला कापायला घेतला. रेइनो, हा आमच्याबरोबर नाच शिकलेला विधुर आणि तायमीचा थोडा आवडता, कॉफी घेऊन समोर बसला. तिच्याकडे निरखून बघत म्हणाला, "काहीतरी वेगळं दिसतंय आज."

तायमी ताठ झाली.

"केस कापलेस का?"

परतताना गाडीत ती उसळलीच. "चाळीस वर्षं! चाळीस वर्षं रोज सकाळी मी काय फळ्यावर लिहीत होते? एकालाही दिसलं नाही?"

"मग चांगलंच झालं ना."

"काय चांगलं झालं? मूर्ख माणसं!" आणि मग खिडकीबाहेर गोठलेल्या तळ्याकडे बघत ती इतकी हसली की मला गाडी कडेला घ्यावी लागली. हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं. मी रुमाल दिला. या वेळी तिने तो डोळ्यांनाच लावला.

मग ऑर्नेलाकडे दुसरी खेप झाली. तिने डावी भुवई भरून दिली आणि तायमीकडून शपथ घेतली. खरं सांगायचं तर या वेळी तिने ती पाळली. शनिवारी मी सौनात एकटी बसायची आणि ती बाहेर बाकावर कोट घालून, दाराच्या फटीतून माझ्याशी भांडत. डाग नाही, पट्टे नाहीत, भुवया सुरेख बसल्या. रंग मऊ, राखाडीकडे झुकणारा, अगदी तिच्या केसांसारखा.

आता माझ्या सकाळी मोकळ्या झाल्या म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला असेल असं कुणाला वाटेल. छे! तायमी हॉलमधल्या बायकांना या विषयातली तज्ज्ञ म्हणून सल्ले देत सुटली आहे. आयनोनेही ऑर्नेलाची वेळ घेतली आहे. तिला गाडी येत नाही, म्हणून तिला न्यायचं मी. आणि काल रात्री जेवताना तायमी तिला फोनवर सांगत होती:

"सौनाचं काही मनावर घेऊ नकोस गं. फक्त कागद जरा घट्ट गुंडाळायचा."