कुरळ्याची पैदास

आमच्या भुरीला पिल्लं झाली, तेव्हा त्यातल्या एका बोक्याच्या अंगावरचे केस असे मुरडलेले होते की मला वाटलं खरूज आहे. मिशासुद्धा वाकड्या. मी आपली करंजाचं तेल घेऊन बसले. आधीच कामं काय कमी होती, त्यात हे.

आमचे हे ओट्यावर पडून होते. बहरीनहून येऊन आठवडाही झाला नव्हता. तिथं एका इंग्रज साहेबाच्या घरी स्वयंपाक करता करता यांची पाठ पार कामातून गेली होती. पिल्लाकडे नजर गेली तसे उठून बसले.

"हमिदा, तेल नको लावूस. ही खरूज नाय. आमच्या मडमेकडे अशीच मांजरं होती."

मग मला सगळं ऐकावं लागलं. मडमेच्या मुलखात म्हणे एका साध्या मांजरीला असंच एक कुरळं पिल्लू झालं होतं. कुणा जाणत्यानं सांगितलं, हा बोका मोठा झाला की त्याच्या आईलाच लावा. लावला, तर पुन्हा कुरळी पिल्लं झाली, आणि त्यांच्यापासून पुढं अख्खी नवी जात उभी राहिली. मुंबईत परदेशी मांजरं विकणारा एक पारशी यांच्या ओळखीचा होता. त्याला जाऊन विचारलं. तो म्हणाला, एकच असेल तर ती गंमत झाली. अशीच पिल्लं होत राहिली तर मात्र दर वेळी घेईन.

"त्यानं दर वेळी घेतली, तर मला परत जायला नको," हे म्हणाले.

मला मांजरांचं कौतुक कधीच नव्हतं. पण त्या दिवसापासून कुरळ्याला रोज बांगड्याचं डोकं मिळायला लागलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, आणि नवरा म्हणजे सुट्टीला येणारा पाहुणा. मला तो घरात हवा होता, मग मांजरांच्या केसांवर का होईना.

अडचण होती माझ्या सासूची. ताजबी तिचं नाव. आमच्या राजिवडा मोहल्ल्यात तिच्यासमोर कुणी वेडंवाकडं बोलत नसे. तिच्या कानावर हा बेत गेला.

"आईवर लेकाला सोडनार? माझ्या घरात?"

"अम्मा, मांजरं हायत ती."

"मांजरं असतील. घर मान्सांचा हाय."

हे हसले, आणि तिथंच चुकलं. कुरळ्या वयात आला तशी अम्मानं एका सकाळी भुरीला पोत्यात घातलं आणि शेजारच्या अयूबच्या होडीतून खाडीपलीकडे सोडायला लावलं. नकोशी मांजरं आमच्याकडे अशीच खाडीपार करतात, म्हणजे त्यांना परतीची वाट सापडत नाही. हे पलीकडच्या भाट्याच्या सुरूच्या बनात दुखऱ्या पाठीनं भुरीला हाका मारत हिंडले. संध्याकाळी रिकाम्या हातानं आले, जेवले नाहीत. आईला एका शब्दानं बोलले नाहीत. मला फार वाटलं की यांनी बोलावं.

मग शेजारच्या मांजरीवर आशा ठेवली. कुरळ्याची पिल्लं झाली ती सगळी सरळ केसांची, कुणीही उचलून फेकावी अशी. दुसऱ्या मांजरीलाही तशीच झाली. यांनी प्रत्येक पिल्लाच्या पाठीवरून उलटा हात फिरवून पाहिला.

"गेला ता गेला," म्हणाले. पिल्लं वाटून टाकली. त्यातली एक भाटी, मादी पिल्लू, तेवढी मी ठेवून घेतली, घरात उंदीर फार झाले होते म्हणून. महिन्याभरात व्हिसा आला. पाठीला पट्टा बांधून हे गेले. या वेळी साहेब नव्हता, कुणा शेखाचं हॉटेल होतं.

वर्ष होत आलं, आणि ती भाटी माझ्या तांदळाच्या कणगीमागं व्याली. मी कंदील धरला. पिल्लांतली दोन कुरळी. सरळ केसांच्या पोटात कुरळे केस लपून बसलेले असतात, हे मडमेनं यांना सांगितलंच नव्हतं, की यांनीच ऐकलं नव्हतं, कोण जाणे.

अम्मा आली. कंदील माझ्या हातातून घेऊन तिनं वाकून बघितलं.

"बाप कोन?"

"कुरळ्या. दुसरा कोण?"

"म्हंजे हिचाच बापूस." मला वाटलं, आता पोतं मागते. पण ती म्हणाली, "दार लाव गो. बोके येतात, पिल्लं खातात."

यांना आम्ही पत्रांऐवजी कॅसेट भरून पाठवायचो. अम्मा त्या यंत्राशी कधी बोलत नसे. त्या दिवशी स्वतः समोर येऊन बसली.

"अहमद, भुरीला मी सोडली, ती माझी चूक. तुझी कुरळी मांजरं झाली रे. आता तू ये."

मला तिचा राग यायला हवा होता. पण रागालाही अंगात जोर लागतो. यांचा पासपोर्ट शेखाच्या कपाटात आहे आणि करार संपेपर्यंत तो हातात मिळणार नाही, हे मी तिला सांगितलं नव्हतं.

"येल ना गो?" तिनं विचारलं.

मी बटण दाबून यंत्र बंद केलं.

"येतील," म्हटलं.

तशी ती उठली आणि यांची खोली झाडायला लागली.