तेजश्रीची पार्टी

तेजश्रीला सासरी कशाचीच कमी नव्हती, आणि म्हणूनच आपल्याला नेमकं काय हवंय ते तिला कुणाला समजावून सांगता येत नव्हतं. तेलगावजवळच्या एका गावात विजयसिंह आबांचा दुमजली बंगला होता, दारात दोन गाड्या, रानात ऊस. आबा तिचे सासरे. आधी सरपंच, मग पंचायत समितीत, आणि आता आजूबाजूच्या दहा-बारा गावांचं राजकारण त्यांच्या पडवीत बसून चालायचं. नवरा अमरसिंह वडिलांच्या वतीनं लोकांच्या लग्नाला आणि दहाव्याला हजेरी लावत फिरायचा. घरात धान्य पोत्यानं यायचं, साड्या गठ्ठ्यानं यायच्या. पण मागच्या वर्षी भावाला मुलगी झाली तेव्हा बाळंतविडा न्यायला तेजश्रीच्या हातात स्वतःचं असं काहीच नव्हतं. सासूबाईंनी, म्हणजे गावाच्या सत्यशीलाकाकींनी, कपाट उघडून दिलं, अगदी मनापासून दिलं. तरी माहेरी बाळाला झबलं घालताना "हे आत्यानं आणलं" असं म्हणायला तिची जीभ रेटली नाही.

त्याच सुमाराला एका लग्नात तिला बीडच्या दिपालीताई भेटल्या. बोलायला गोड, हातात दोन मोबाईल. स्वयंपाकघरातले हवाबंद डबे विकणाऱ्या एका कंपनीचं काम त्या करत होत्या.

"दुकान नको, गाळा नको," त्या म्हणाल्या. "चार बायका घरी बोलवायच्या, चहा पाजायचा, डबा दाखवायचा. कंपनीत आम्ही त्याला पार्टी म्हणतो. तुला काय अवघड आहे? तुझ्या सासऱ्यांना अख्खा तालुका ओळखतो."

आईनं वेळोवेळी मुठीत दाबलेले पैसे तेजश्रीनं जपून ठेवले होते. ते देऊन तिनं डब्यांचं किट घेतलं. दार लावून आरशासमोर बोलायचा सराव केला. डबा पाण्यानं काठोकाठ भरायचा, झाकण दाबायचं, फटकन आवाज आला की उलटा धरायचा. थेंब पडत नाही. पहिल्या खेपेला झाकण नीट बसलं नाही आणि सगळं पाणी गादीवर सांडलं. एकटीच हसली. लग्नानंतर एवढी मोकळी ती क्वचितच हसली असेल.

पहिली पार्टी भावकीतल्या बायकांची झाली. चुलत जावा आल्या, कारखान्याच्या संचालकांच्या सुना आल्या, सगळ्या ठेवणीतल्या साड्या नेसून. उलट्या डब्यातून थेंब पडला नाही तेव्हा सगळ्यांनी "अगं बाई!" केलं. लाडू-चिवडा संपला. तेजश्रीनं भीत भीत विचारलं, "मग, कोणता लिहून घेऊ?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. सगळ्यांत थोरली जाऊ पदर सावरत म्हणाली, "डबा चांगलाच हाय गं. पण घरी इचारावं लागंल. यांच्याकडून पैसे घ्यायचे म्हणल्यावर दहादा कावून नि कशाला सांगावं लागतं."

"माझंबी तसंच," दुसरी म्हणाली. तिच्या हातात सोन्याच्या आठ बांगड्या होत्या.

त्या दिवशी तेजश्रीच्या लक्षात आलं, की तिनं ज्यांना गिऱ्हाईक समजून बोलावलं त्या सगळ्या तिच्यासारख्याच होत्या. अंगावर सगळं, हातात काही नाही.

मग तिनं पगारदार घरं शोधायचं ठरवलं. शाळेच्या मागं शिक्षकांची वस्ती होती. तिथं वर्षाराणी नावाच्या मास्तरीणबाई राहायच्या, स्वतः नोकरी करणाऱ्या. त्यांनी दार उघडलं आणि तेजश्रीला बघून त्यांचा चेहराच उतरला. पटकन खुर्ची पुसली, पंखा लावला. दोन शेजारणींना हाक मारून बोलावून घेतलं. तेजश्री बोलत होती तोवर तिघी परीक्षेला बसल्यासारख्या बसून होत्या. तिचं संपायच्या आत वर्षाराणीबाई म्हणाल्या, "मोठा संच द्या. सगळ्यात मोठा."

तेजश्री हरखली. घरी येईपर्यंत तिचे पाय जमिनीवर नव्हते. पुढच्याच आठवड्यात ती डबे कसे आहेत म्हणून विचारायला गेली, तर खोकं दाराआड तसंच होतं, वरची चिकटपट्टीसुद्धा काढलेली नव्हती.

"आवडले नाहीत का?" तिनं विचारलं.

"छे छे, लई छान आहेत," बाई घाईनं म्हणाल्या. मग थोडं थांबून, आवाज खाली आणून, "वहिनी, आमच्या यांच्या बदलीचा अर्ज आबांकडं आहे. तेवढं तुम्ही... म्हणजे आम्ही तुमचा शब्द मोडला नाही, एवढं लक्षात असू द्या."

तेजश्रीनं पैसे परत द्यायचा प्रयत्न केला. बाईंनी हात मागं घेतले. पैसे परत आले म्हणजे काम होणार नाही, असंच त्यांना वाटलं असावं. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. तेजश्री तशीच माघारी आली. वाटेत तिला वाटत होतं, आपण एका बाईच्या घरात शिरून दंड वसूल केला.

दिपालीताईंचा रोज फोन यायचा. "संक्रांत आलीय. बायका घराबाहेर पडतात. हळदीकुंकू ठेव, त्यातच डबे दाखव. भरपूर माल मागव. माल कमी पडला तर मला सांग, पण बाई मोकळ्या हातानं जाऊ देऊ नकोस."

तेजश्रीनं उधारीवर माल मागवला. घरात धुणंभांडी करणाऱ्या छबुबाईला तिनं सांगितलं, "वस्तीवर सांग सगळ्यांना. शुक्रवारी माझ्याकडं पार्टी आहे. हळदीकुंकू आहे, डबे बघायला या म्हणावं."

छबुबाई हरभऱ्यासारख्या टपोऱ्या डोळ्यांची, हसरी बाई. "पार्टीचं हळदीकुंकू व्हय? सांगते की. लई बाया येतील, वैनी."

आणि खरंच, लई बाया आल्या. तीन वाजल्यापासून रीघ लागली. पटांगणात सतरंज्या अपुऱ्या पडल्या तेव्हा गड्यांनी ताडपत्री आणून अंथरली. ज्या बायका कधी त्या फाटकाच्या आत आल्या नव्हत्या, त्याही चपला हातात घेऊन आल्या.  तेजश्रीनं डबा भरला, उलटा धरला. थेंब पडला नाही. टाळ्या पडल्या. शंभर बायकांच्या टाळ्या! "तिखट वर्षभर तसंच लाल राहतं," ती सांगत होती, "मुंग्या लागत नाहीत, वास जात नाही." आयुष्यात पहिल्यांदा एवढी माणसं तिचं ऐकत होती.

बोलणं संपलं आणि बायका उठल्या. ओळीनं आल्या, हळदकुंकू लावून घेतलं, तिळगूळ घेतला, आणि प्रत्येकीनं ढिगातला एक एक डबा उचलून पदराखाली धरला.

"काकीला सांगा, आमचं घर तुमच्याच मागं हाय," एक म्हातारी म्हणाली.

तेजश्रीला क्षणभर कळेना. मग तिला एकदम कळलं. जिल्हा परिषदेची आपल्याकडची जागा बायकांसाठी राखीव सुटली होती, काकी उभ्या राहणार अशी गावभर कुजबुज होती, आणि दरवर्षी संक्रांतीला कोणती ना कोणती पार्टी बायकांना बोलावून वाण वाटतच होती. तिनं पार्टी म्हटलं होतं. बायकांनी बरोबरच ऐकलं होतं.

तिनं पुढं होऊन एका तरण्या बाईचा हात धरला. "ताई, थांबा. याचे... हा विकतचा आहे."

त्या बाईनं आधी डब्याकडं बघितलं, मग तेजश्रीकडं. कानशिलं लाल झाली तिची. "असं व्हय? आमाला काय ठावं, वैनी. बोलवलं म्हणून आलो." डबा तिनं दोन्ही हातांनी, देवापुढं ठेवावा तसा, खाली ठेवला. तिच्या मागच्या दोघी-तिघींनी ठेवला. रांग थबकली, बायका पुटपुटायला लागल्या. "घरी बोलवून पैशे मागत्यात" हे शब्द तेजश्रीनं स्पष्ट ऐकले.

तेवढ्यात पायरीवरून आबांचा आवाज आला. "न्या, न्या! सूनबाई मजाक करती. काकीकडून वाण हाय, घेऊन जावा समद्या."

रांग पुन्हा चालायला लागली. ज्या बाईचा हात धरला होता ती मात्र डबा न घेताच गेली.

संध्याकाळी आबांनी तिला पडवीत बोलावलं. चार माणसं बसली होती. "सूनबाई, लई हुशारीचं काम केलंस," ते म्हणाले. "समोरच्या पार्टीनं स्टीलच्या वाट्या वाटल्या. त्याच्यापुढं हे डबे म्हणजे भारीच. किती खोकी येतील अजून?"

"आबा, मी ते विकायला आणले होते," तेजश्री खाली बघत म्हणाली.

"मग इकले की! मी घेतले. पैसे उद्याच कंपनीला जातील." माणसं हसली. आबाही हसले, आणि त्या हसण्यात काही वाईट नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं, आपण सुनेची अडचण दूर केली.

रात्रीच्या भाकरी थापताना तिनं सासूला गाठलं. "आत्याबाई, तुमी तरी सांगा आबांना. मला एक तरी डबा कुणीतरी आपणहून घ्यायला हवा होता. एक तरी."

 सत्यशीलाकाकींनी भाकरी उलटली. "तेजू, मी उभी राहणार हे मला पेपरात वाचून कळलं," त्या म्हणाल्या. "मी काय सांगू त्यांना?"

नंतर खोकी येतच राहिली. प्रत्येक झाकणावर काकींचा हात जोडलेला फोटो चिकटवायचं काम घरातच चालायचं, आणि डबे आपल्या सुनेचे म्हणून आबा ते काम मोठ्या कौतुकानं तेजश्रीवर सोपवायचे. ती आणि छबुबाई पडवीत बसून फोटो चिकटवायच्या. दहा-बारा गावांत डबे गेले. निवडणूक झाली, काकी निवडून आल्या, गुलाल उधळला गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून खोकी यायची बंद झाली.

आता तरी आपलं आपण करू, असं तेजश्रीच्या मनानं घेतलं. आपल्याला कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी जायचं. तिची मावशी तुळजाबाई कडा या गावी राहायची, पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. तेजश्री गाडी न घेता एसटीनं गेली. मावशीनं गल्लीतल्या बायका जमवल्या. साध्या, कामाच्या बायका. सासऱ्याचं नाव कुणी विचारलं नाही. तेजश्री जीव तोडून बोलली. एका बाईनं डबा हातात घेऊन झाकण दोन-तीनदा उघडझाप करून बघितलं. ती घेणार, असं तेजश्रीला वाटलं.

"असला डबा माझ्या नणंदंकडं हाय," ती बाई म्हणाली. "तिकडं तेलगावाकडं दिलीय तिला. वर कोण्या बाईचा फोटू हाय. फुकट वाटलेत म्हणं." तिनं डबा खाली ठेवला. तिच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. "तिकडं फुकट, मग आमाला पैशानं कावून?"

बाकीच्यांनीही हातातले डबे खाली ठेवले. मावशी म्हणाली, "मला दे गं एक." तेजश्रीनं मान हलवली. मावशीला डबा नको होता, भाचीचा चेहरा बघवत नव्हता. परतीच्या एसटीत किटाची पिशवी मांडीवर घेऊन ती बसली, आणि बीड येईपर्यंत रडली. शेजारची बाई दोनदा म्हणाली, "माहेराहून निघालीस का बाय?" ती हो म्हणाली.

महिन्याभरानं दिपालीताईंचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. सबंध जिल्ह्यात सर्वात जास्त विक्री तेजश्रीची होती. बीडला हॉल घेतला होता, सत्कार होता, यायलाच पाहिजे.

ती नको म्हणत होती. आबांनी गाडी काढायला लावली. "आपल्या घराचं नाव हाय," ते म्हणाले.

हॉलमध्ये नवीन आलेल्या बायका पुढच्या रांगांत बसल्या होत्या. कुणाच्या मांडीवर मूल, कुणाच्या पायाशी नवंकोरं किट. तेजश्रीला शाल घातली, काचेची ट्रॉफी हातात दिली, आणि माईकसमोर उभं केलं.  तेव्हा दुसऱ्या रांगेतली एक पोरसवदा बाई उठली. सायली, असं तिनं नाव सांगितलं. नवी नवरीच असावी.

"ताई," ती म्हणाली, "दोन महिने झाले किट घेऊन. कुणीच घेत नाही. तुम्हाला पहिलं गिऱ्हाईक कसं मिळालं, तेवढं सांगा."

सगळा हॉल तेजश्रीकडं बघत होता. तिला वर्षाराणीबाईंच्या दाराआडचं खोकं आठवलं, आणि लाल झालेल्या कानशिलांची ती बाई.

"मला अजून मिळालेलं नाही," ती म्हणाली.

 मग दिपालीताई मोठ्यांदा हसल्या, माईक ओढून घेत म्हणाल्या, "बघा, याला म्हणतात नम्रपणा! पहिल्या नंबरावर असून बाई म्हणते अजून सुरुवातच आहे!" हॉल टाळ्यांनी दणाणून गेला. सायलीही टाळ्या वाजवत होती, पण तेजश्रीकडं एकटक बघत. ती हसली नव्हती. तेजश्रीला तिच्याजवळ जायचं होतं, तिला सांगायचं होतं की बाई, मी खरं तेच बोलले. पण फोटोसाठी बायकांनी तिला वेढा घातला, आणि गर्दी ओसरली तेव्हा त्या खुर्चीत कुणी नव्हतं.

बाहेर ड्रायव्हर बजरंग गाडीचं दार धरून उभा होता. त्यानं ट्रॉफी तिच्या हातातून अलगद घेतली, रुमालानं पुसली.

"वैनी, आबांचा फोन आल्ता. ही पार्टीच्या हाफिसात ठिवायची म्हणले, लोकांना दिसंल अशी. तिथंच नेऊ का?"

"ने," तेजश्री म्हणाली, आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.