मायाक्काची मूठ

मायाक्का मैंदर्गीची, मेंढरं राखणारी, साठीच्या घरातली. सोलापुरात आमच्या हॉस्पिटलात तिच्या कानाच्या पडद्याचं ऑपरेशन होतं, कान सुन्न करून, जागेपणीच. भूल देणारी डॉक्टर मी. सुन्न करायच्या इंजेक्शनात आणखी एक औषध मिसळलं तर दुखणं कमी होतं का, हा माझा अभ्यास. तो पुरा झाल्याशिवाय मला परीक्षेला बसता येणार नव्हतं, आणि मायाक्का शेवटची पेशंट.

मी तिला शिकवलं होतं, काहीच दुखत नसेल तर मूठ दाखवायची, अगदी सहन होईना तर दहा बोटं.

सुई टोचताना ती तीनदा "आई गं" म्हणाली आणि मी खेकसले. एवढं भारी औषध दिलंय, लहान पोरासारखं काय करताय, म्हटलं. माझं तोंडच असलं. पुढे दर दहा मिनिटांनी मी विचारायची आणि ती दोन्ही मुठी दाखवायची. मी खुशीत शून्य लिहायची.

दुपारी ॲप्रनच्या खिशात हात घातला तर त्या औषधाची काचेची कुपी हाताला लागली. न फोडलेली. अभ्यासाचे मार्गदर्शक सर, त्यांच्याशी बोलायच्या नादात मिसळायचंच राहून गेलं होतं.

खरं सांगते, पहिला विचार आला तो हा की कुणाला कळणार नाही. त्या विचाराचीच एवढी लाज वाटली की तशीच उठून वॉर्डात गेले.

मायाक्का कानाला पट्टी बांधून खाटेवर बसली होती. औषध घालायला विसरले, असं मी तिला सरळ सांगितलं. दुखत होतं का, आणि होतं तर बोलला का नाहीत, विचारलं. ती म्हणाली, कोकराच्या कानाला खूण करताना ते हाललं की कान फाटतो, म्हणून दम धरला. मग तिनं मान खाली घातली.

"तुमी म्हनला, भारी औषध दिलंय. तरी दुखाया लागलं. म्हनलं, माजंच कायतरी चुकतंय. लई लाज वाटली, बाई."

माझ्या चुकीची लाज तिनं दोन तास भोगली होती. मला तिच्याकडं बघवेना.

तिच्यासमोरच कागदावरच्या सगळ्या शून्यांवर रेघ मारली. आता सरांना सांगायचं, परीक्षा हुकली तर हुकली. मग विचारलं, खरं किती होतं?

मायाक्कानं दोन्ही मुठी उघडल्या. दहा बोटं. तळव्यांवर नखं रुतल्याच्या खुणा अजून लाल होत्या.