उजवा कान

तिने त्याच्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं, पाण्याचा फवारा मारला आणि कंगव्याने केस मागे घेतले. डोक्यावर दोन भोवरे निघाले.

"दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं म्हणतात," ती म्हणाली.

"एकीनेच नाकी नऊ आणलेत, ताई. दुसरी कुठली झेपायला?"

दोघंही हसली. हसून झाल्यावर आता काय बोलावं, हा प्रश्न होताच. पस्तीस वर्षांनी सापडलेला सख्खा भाऊ. पोरंबाळं, नोकरी, गुडघेदुखी सगळं पहिल्या भेटीतच उरकलं होतं, म्हणून या खेपेला तिने त्याला सरळ आपल्या दुकानातल्या खुर्चीत बसवलं. बाप आधीच गेलेला; आई गेली तेव्हा नातेवाइकांनी भांड्यांची करावी तशी दोघांची वाटणी केली. चार वर्षांचा तो मामाकडे, दहा वर्षांची ती आत्याकडे. मामा आणि आत्या यांच्यात विस्तव जात नव्हता, त्यामुळे भावंडांची ताटातूट झाली ती झालीच. पुढे मामाने गावही सोडलं.

दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. इतकी वर्षं मनात ठेवलेला प्रश्न तिने कात्री चालवता चालवता, हवापाण्याचं बोलावं तसा विचारला.

"तुला मी आठवते का रे? म्हणजे, तेव्हाची?"

आरशात त्याचा चेहरा ओशाळला.

"खोटं कशाला बोलू, ताई? तुमचं काहीच आठवत नाही. एक बहीण आहे असं मामी सांगायची, म्हणून ठाऊक."

"चालायचंच. एवढासा तर होतास."

म्हणाली खरी, पण कंगवा हातातून सुटला. तो उचलून तिने धुवायला टाकला आणि दुसरा घेतला.

"आई मात्र आठवते," तो म्हणाला. "एकदाच, पण लख्ख. उलट्या बादलीवर बसवून माझे केस कापत होती. मी हललो आणि कानच कापला. हा बघा, उजवा. रक्त पाहून माझ्याआधी तीच रडायला लागली! कानावर साखर दाबली, उरलेली माझ्या तोंडात कोंबली आणि मला पोटाशी घट्ट धरलं. मामीने मारलं की मी हा कान चाचपायचो. वाटायचं, आपलंही कुणीतरी होतं."

तिने कान दुमडून पाहिला. वरच्या कडेला पांढरी रेघ होती. त्या दिवसांत आई अंथरुणाला खिळलेली. पाण्याचा पेला उचलता येत नव्हता तिला, ती कात्री कुठली धरते? धाकट्याच्या डोक्यात उवा झाल्या, शेजारीण त्याला दारात उभं करीना, म्हणून थोरलीने शिवणाची कात्री घेतली होती. साखरेचा डबाही तिनेच स्टुलावर चढून काढला होता. अरे वेड्या, ती मी होते! शब्द अगदी ओठांवर आले.

आरशात तो डोळे मिटून बसला होता. हात कापडाबाहेर काढून त्याने बोट कानाला लावलं होतं.

"आईला कुठे सवय होती केस कापायची," ती म्हणाली.

"पण रडली होती ना? का मीच मनाने रचलंय?"

"छे रे. रडली होती की." तिने त्याचं बोट हलकेच बाजूला केलं आणि कानामागचे केस कापायला घेतले. "तू झोपलास, तरी रडत होती."