खाली हाय का गं?

चैत्राच्या दुपारी, उन्हाने सगळे शिवार पांढरे पडलेले असताना, ओढ्याकाठच्या पिंपळाच्या तांबूस पालवीतून एक आवाज खाली यायचा. थोडा घोगरा, थोडा भांडखोर, आणि दर वेळी तेवढाच लांबवलेला. "खाली हाय का गंऽ?" बुंध्याशी पाला गोळा करणारी बाई मान वर न करता म्हणायची, "हायऽ!" मग कोयत्याचा घाव पडे, डहाळी फांदीफांदीला अडत अडत जमिनीवर येई आणि शेळ्या तिच्यावर तुटून पडत. माझ्या सासरचा उन्हाळा मला आधी ऐकू येतो, मग दिसतो. आणि ऐकू येतो तो गिरजाआत्याच्या आवाजात.

गिरजाआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. भर तारुण्यात नवरा गेला आणि ती माहेरी परतली ती कायमचीच. आम्ही सुना तिला समोर आत्याबाई म्हणायचो, मनात मात्र नुसती आत्या. निजामाचे राज्य गेले, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी पालमजवळच्या त्या धनगरवस्तीवर नांदायला आले. माझे माहेर मानवतकडचे. वडिलांनी मेंढरे विकून शेती धरलेली, मला चार इयत्ता शिकवलेले. झाडावर चढणे हा पोरांचा दांडगावा, एवढेच मला ठाऊक होते.

होळी झाली की वस्तीतले गडी मेंढरे घेऊन, आम्ही जिला गंगा म्हणतो त्या नदीच्या काठाला उतरत आणि मृग लागेपर्यंत परतत नसत. मागे उरायच्या बाया, शेळ्या आणि लांबच्या वाटेला न झेपणारी कोकरे. जमिनीवर तर गवताची काडी नसे. जी काही हिरवळ उरे ती उंच, निंबाच्या, उंबराच्या, पिंपळाच्या माथ्यावर. म्हणून आमच्याकडे पाला तोडणे हे बायकांचे काम, आणि अंगाची हळद उतरायच्या आत नव्या सुनेला आत्यापुढे उभे राहावे लागे. गावातल्या एका जाणत्याने एकदा तोंड वाकडे केले की बायांनी झाडावर चढणे बरे दिसत नाही. आत्याने कोयता त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "मग तुमी चढा." त्यानंतर तो त्या वाटेने फारसा येईना.

तिने पहिले कित्येक दिवस मला चढू दिलेच नाही. दारच्या उंबराच्या खालच्या बेचक्यात शिडीवरून नेऊन बसवले, शिडी काढून घेतली आणि बाजूला तंबाखू मळत उभी राहिली. "आता उतर." मी रडकुंडीला आले. ती हसली. "चढाया कुणालाबी येतंय. भ्यालेलं मांजरबी चढतंय. उतराया अक्कल लागती." उतरायला आले तेव्हा दोर आला. अंबाडीचा, तिनेच वळलेला, हाताला राठ पण भरवशाचा. तो कंबरेला नाही, काखेतून बांधायचा, कारण कंबरेला बांधलेला माणूस लोंबकळला की त्याचा श्वासच कोंडतो. मग ती आम्हाला डोळे मिटायला लावी आणि कोयत्याच्या पाठीने फांद्यांवर ठोकी. जिवंत फांदी भरल्या घागरीसारखी बोले, मेलेली पोकळ. कोणती कुठली ते ओळखल्याशिवाय दुपारची भाकरी नसे, आणि मी बऱ्याचदा उशिरा जेवले.

पण या सगळ्याच्या वर तिचा एक नेम होता. वरच्या बाईने पायाखालची फांदी बदलली की विचारायचे, "खाली हाय का गं?" आणि खालचीने उत्तर द्यायचे. खालचीने आपणहून हाक मारायची नाही, 'जपून' म्हणायचे नाही, 'पडशील' तर मुळीच नाही. फक्त ऐकत राहायचे. प्रश्न आला नाही की हातातले टाकून वर चढायचे. मला हे सारे पोरखेळासारखे वाटे. विचारायचे ते खालच्या माणसाने, वरच्याने कशाला? एकदा दोर वळताना मी तिला तसे म्हटले. तिचे हात थांबले नाहीत, आवाज मात्र पहिल्यांदाच उतरलेला ऐकला.

"सासरला मालक वर व्हते, मी खाली पाला बांधायले. कोयता थांबला. मला वाटलं, इसावा घ्यायलेत. लय येळ गेला. मी आपली पेंढ्या बांधायले. वर बघितलं तवा बेचक्यात अडकून पडलेले, मान खाली. हाक माराया तोंडात आवाज न्हवता त्यांच्या." दोराला पीळ देत ती पुढे म्हणाली, "गप्प झाडाचा भरोसा न्हाई, पोरी. वरचं माणूस बोलतंय तवर हाय." त्या दिवसापासून मी त्या नेमाला हसले नाही. आत्याला उंचीचे भय नव्हते, तिला भय होते ते निःशब्दतेचे. आपल्या देखत पुन्हा कुणी एकटे, कुणाला कळल्यावाचून झाडावर थांबू नये, एवढ्यासाठीच ती जगत होती असे मला वाटते.

कामाला निघाली की तिचे रूप पालटे. लुगड्याचा काष्टा घट्ट खोचलेला, पायांचे तळवे झाडाच्या सालीच्याच रंगाचे, अंगाला निंबाचा कडू वास. चढण्याआधी ती बुंध्यावर हात ठेवून क्षणभर थांबे, आणि उतरल्यावर बैलाची पाठ थोपटावी तसे झाडाला थोपटी. उन्हाची तिरीप पानांतून तिच्या पांढऱ्या केसांवर हलत असे आणि ती एका फांदीवरून दुसरीवर सरके, ते सरकणे खालून दिसे त्याहून जास्त ऐकू येई. प्रश्न, उत्तर, घाव. प्रश्न, उत्तर, घाव. त्या लयीत दुपारी सरत.

वैशाखातल्या अशाच एका दुपारी लय तुटली. ती पिंपळावर, मी बुंध्याशी. घाव पडला, डहाळी आली, आणि नंतर काहीच नाही. शेळ्यांचे चरणे तेवढे ऐकू येत होते. एवढ्या उंच मी कधी चढले नव्हते. शेजारच्या रानातल्या बायांना जिवाच्या आकांताने हाक घातली, दोर खांद्यावर टाकला आणि चढू लागले. मधल्या फांदीवर पाय ठेवला, आणि भीतीने का सवयीने कोण जाणे, तोंडून निघाले, "खाली हाय का?" खाली कोणीच नव्हते. उत्तर आले ते वरून, अगदी क्षीण. "हाय."

मी ढसाढसा रडत वर पोचले. तिला ऊन लागले होते. बेचक्यात कलंडली होती, पण स्वतःला खोडाशी बांधून घेतलेली, म्हणून शाबूत. तिने डोळे किलकिले केले, मला ओळखले आणि कपाळाला आठी घातली. "तू वर आलीस, मग खाली कोण हाय?"

तशा अवस्थेतही ती मला रागे भरत होती, आणि मला रडता रडता हसू फुटले. तेवढ्यात बाया धावत आल्या, खालून एकदम चारचौघींचा "हाय, हाय" असा गलका उठला आणि तिची आठी सुटली. दोर तिच्या काखेतून घेतला, वरच्या जाड फांदीला वेढे दिले, आणि तीच जसजसे पुटपुटत सांगत राहिली तसतसा मी तो सोडत गेले. पारावर टेकल्यावर तिने पाण्याआधी पिंपळाला हात लावला. त्या संध्याकाळी तिने मला पहिल्यांदा आपल्या ताटात जेवायला बसवले.

पुढे तिचे गुडघे गेले, मग नजर गेली. झाडे आमच्याकडे आली आणि बुंधा तिच्याकडे. खालचे कामही तिने त्याच निष्ठेने केले. आमचा प्रश्न पुरा होण्याआधीच तिचा "हाय" वर पोचलेला असे, आणि त्या एका शब्दावर पाय ठेवून आम्ही वरची फांदी गाठत असू. एवढा आधार मला पुढे कुणाच्या आशीर्वादातही सापडला नाही.

महाराष्ट्र झाला त्या उन्हाळ्यात ती अंथरुणाला खिळली. पालमला साखर वाटली म्हणून कुणी चिमूटभर घेऊन आले, ती मी तिच्या जिभेवर ठेवली. ओसरीवर तिची बाज टाकलेली असे. ग्लानीत ती कुठल्या झाडावर असायची कोण जाणे, पण थोड्या थोड्या वेळाने ओठ हलत. "खाली हाय का गं?" मी बाजेच्या कडेला बसून भाकरी थापावी तितक्या सहजपणे उत्तर देई. "हाय, आत्याबाई." मग तिचा श्वास पुन्हा संथ होई.

एका दुपारी तो प्रश्न आला नाही. मी वाट पाहिली, आणि कळायच्या आत उठून खुंटीवरचा दोर खांद्यावर टाकला होता. अंगणात आले आणि उभी राहिले. प्रश्न थांबला की चढायचे, हे तिनेच शिकवलेले. पण ती आता होती तिथवर चढायला झाडच नव्हते. मागे बाजेवरची ती, पुढे पांढरे ऊन, आणि कानात तिचीच दटावणी. तू आलीस, मग खाली कोण? मी दोर उतरवला, परत तिच्या उशाशी बसले, तिचा राठ तळवा हातात घेतला आणि म्हणाले, "हाय."

आता त्या ओढ्याला पिंपळ नाही, शेळ्यांना बाजारची पेंड आहे, आणि माझ्या सुनांना झाडावर चढावे लागत नाही, याचे मला सुखच आहे. काळाने ती दुपार नेली, तो कोयता नेला, प्रश्नही नेला. उत्तर तेवढे माझ्याजवळ राहिले. चैत्रात कुठेही तांबूस पालवी दिसली की मी तिच्या सावलीत थांबते, वर न पाहता कान देते, आणि कुणी विचारले नाही तरी, हलकेच, ते उत्तर देऊन टाकते.