होडीशेजारचा घोडा

टोर्लाइव म्हातारा मार्चमध्ये गेला आणि जूनमध्ये त्याला होडीत ठेवून पेटवायचं ठरलं. देहाचं दहन शहरात रीतसर झालं होतं. उरला होता राखेचा कलश. पण जन्मभर होड्या बांधलेला माणूस, शिवाय जुन्या व्हायकिंगांच्या रीती जपणाऱ्या गावातल्या मंडळाचा म्होरक्या. त्याला निरोप जुन्याच रीतीने द्यायचा, यावर कुणाचं दुमत नव्हतं.

डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, फ्योर्डच्या काठावर लाकडं रचली, त्यावर म्हाताऱ्याच्याच हातची डांबर लावलेली होडी चढवली. होडी पाण्यात ढकलून लांबून जळते बाण सोडायचे, असं काहींचं म्हणणं होतं. मंडळाचा आताचा प्रमुख हालस्टाइन शाळेत इतिहास शिकवायचा, तो उखडलाच. "ते सिनेमातलं. होडी जमिनीवरच जाळायचे. आणि शेजारी घोडा ठेवायचे."

"घोड्याचं मी बघतो," म्हाताऱ्याचा मुलगा ओडवार म्हणाला. "लाकडाचा करतो."

त्याची धाकटी बहीण ओशिल्ड हसली. "तू? तुझ्या घोड्याला लोक मेंढी समजतील."

"समजू देत," ओडवार म्हणाला, आणि त्याने विषय बदलला.

त्या दिवशी संध्याकाळी लख्ख ऊन होतं. मंडळाची माणसं लोकरीचे अंगरखे घालून घामाघूम झाली होती. जहाजातून उतरलेले पर्यटक मोबाइल उंच धरून कुंपणाशी उभे होते. ओशिल्डने बापाच्या वस्तू होडीत ठेवायच्या, मग ओडवारने जुन्या रीतीप्रमाणे पाठमोरं चालत येऊन आग द्यायची, असं ठरलं होतं. होडीला लागून काहीतरी मोठं, शिडाच्या जुन्या कापडाखाली झाकलेलं होतं. घोडा शेवटी उघडा करू, असं ओडवार म्हणाला होता.

ओशिल्डने कलशाशेजारी भाकरी ठेवली, शिंगाचा कंगवा ठेवला, बापाची लाकूड तासायची वाकस ठेवली. वाकशीचा दांडा त्याच्या तळहाताने गुळगुळीत झालेला. खाली उतरताना तिचा पाय कापडात अडकला, कापड सरकलं आणि खूर दिसला.

छान कोरलाय की, हा तिचा पहिला विचार. मग तिला खुरावरची चीर दिसली. वरून खाली आलेली, मध्ये किंचित वळलेली. त्या चिरेला तिने स्वतः कित्येक हिवाळे मलम चोळलं होतं.

तिने कापड ओढलं. ब्लाक्का होती. तिची मातकट रंगाची म्हातारी घोडी. शहरात राहायला गेल्यावर ओशिल्डने तिला भावाच्या कुरणात ठेवलं होतं, शेवटची वर्षं सुखाने चरू दे म्हणून. मानेवरच्या आयाळीत आता गवताची वेणी गुंफली होती. डोळा अर्धवट उघडा होता आणि त्यावर माशी बसली होती.

ओशिल्डच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिचा तिलाच ओळखू आला नाही. ती घोडीच्या मानेवर कोसळली. मान थंडगार होती.

कुंपणाशी टाळ्या वाजल्या. रडणाऱ्या बाईचं सोंग लोकांना फार आवडलं होतं. कुणीतरी शिट्टीही मारली.

"टाळ्या बंद करा!" हालस्टाइन ओरडत धावला आणि घोडीपाशी येऊन जागीच थबकला. "ओडवार, ही खरी आहे? अरे, लाकडाची म्हणाला होतास ना? असं उघड्यावर जाळायला कायद्याने बंदी आहे, माणसा!"

ओडवारच्या हातातली मशाल अजून पेटलेली होती. ती कुठे ठेवावी ते त्याला कळेना.

"गुरांच्या डॉक्टरांनी तिला कायमचं निजवायची सुई दिली," तो म्हणाला. "सकाळी. दात गेले होते तिचे, ओशिल्ड. हा हिवाळा तिने काढला नसता."

"मला फोन करता येत नव्हता तुला?"

"बाबांनी सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"ब्लाक्काला माझ्याबरोबर पाठव म्हणाले. दवाखान्यात, शेवटी शेवटी." त्याने मशाल मातीत खुपसली. "आणि म्हणाले, ओशिल्डला विचारू नकोस. ती नाही म्हणेल."

ओशिल्डला आठवलं. त्याच दवाखान्यात, त्याच आठवड्यात, बापाने तिचा हात धरून विचारलं होतं, ब्लाक्का बरी आहे ना? आणि तिने फोनवरचा फोटो दाखवला होता. किती वेळ बघत बसला होता तो!

ती उठली. होडीवर चढली आणि कलश काखोटीला मारून खाली आली.

"होडी जाळायची तर जाळा," ती हालस्टाइनला म्हणाली. "ही दोघं त्यात जाणार नाहीत."

"अगं, लोक थांबलेत," मंडळातलं कुणीतरी पुटपुटलं.

"मग त्यांना जेवायला घाला!"

होडी जळली नाही. खोदयंत्र मागवलं आणि घोडीला वरच्या कुरणात पुरलं. ओडवारने वेणी सोडायला हात पुढे केला, तर ओशिल्डने तो झटकला. वेणी तिने एकटीनेच सोडली. वेळ लागला.

राख फ्योर्डमध्ये सोडायचा परवाना होता, पण उन्हाळाभर कलश ओशिल्डच्या घरी कपाटातच राहिला. कपाट उघडलं की तिला संताप यायचा. मेलेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? सप्टेंबरात ओडवारचा फोन आला, तेव्हा ती नुसतं "चल" म्हणाली.

दोघं वल्ही मारत खोल पाण्यात गेली. राख सोडली. ती पाण्यावर करडी पसरली आणि दिसेनाशी झाली.

"सुई दिली तेव्हा तू कुठे होतास?" तिने विचारलं.

"तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं," ओडवार म्हणाला. "सफरचंद खात होती. अर्धं तोंडातच राहिलं."

ओशिल्डने त्याला एकही शिवी दिली नाही. तिने वल्ही हातात घेतली आणि होडीचं तोंड काठाकडे वळवलं. धक्क्याला लागल्यावर ओडवारने तिला उतरायला हात पुढे केला, तो या वेळी तिने झटकला नाही.