हिरव्या गटातला माणूस

बायको गेल्यापासून लिफ्टवाल्या काकांच्या घरात बोलायला कुणी उरलं नव्हतं. हयात लिफ्ट दुरुस्तीत गेली, त्यामुळे लोक ओळखायचे. पण लिफ्ट चालू झाली की दुरुस्त करणाऱ्याशी कोण बोलत बसतं? मुलगी दूरच्या शहरात. तिचा फोन यायचा, पण कायम घाईत.

मंगळवारी मात्र आरोग्य विमा योजनेतल्या सिस्टरचा फोन यायचा. योजनेनं आपल्या हजारो सभासदांचे तपासणी अहवाल चाळून तीन गट पाडले होते. ठणठणीत ते हिरवे, जरा काळजीचे ते पिवळे, आणि कधीही दवाखान्यात भरती होतील असे लाल. काकांची साखर हाताबाहेर गेलेली, म्हणजे ते लाल. लाल माणसांना दर आठवड्याला फोन करायचा, गोळ्या, जेवण, चालणं विचारायचं आणि दुखणं बळावण्याआधीच आवरायचं, अशी योजनेची पद्धत.

सुरुवातीला काकांनी उडवाउडवी केली. पुढे मात्र सिस्टरला काय काय सांगायचं याची त्यांची सोमवारपासूनच जुळवाजुळव सुरू व्हायची. तिला सांगता यावं म्हणून ते चालायला लागले, गोड सोडलं. साखर उतरली.

"अडकलेली लिफ्ट हातानं खाली आणलीय मी, सिस्टर," ते म्हणाले, "पण साखर खाली आणायला तुम्हीच लागलात." ती मनापासून हसली. ते हसू काकांना आठवडाभर पुरलं.

मग एका मंगळवारी तिनं खुशीत सांगितलं, "काका, तुम्ही हिरव्या गटात आलात. आता दर आठवड्याला फोनची गरज नाही. वर्षाची तपासणी तेवढी चुकवू नका."

काकांनी तिचे आभार मानले. पुढच्या मंगळवारी ते सवयीनं फोनजवळ खुर्ची ओढून बसले. अंधार पडल्यावर उठले.

त्यांनी काही ठरवून केलं असं नाही. एक दिवस गोळी राहून गेली. दुसऱ्या दिवशी आठवण असूनही त्यांनी डबी उघडली नाही. चालणं सुटलं, बेकरीचा रस्ता परत पायाखाली आला. पायाला झालेली जखम भरेना, चिघळली, आणि काका दवाखान्यात भरती झाले. ते पुन्हा लाल गटात गेले, आणि घरी आल्यावर सिस्टरचा फोन आला.

"इतकं छान चाललं होतं, काका. झालं काय?"

काका पायाची पट्टी चाचपत राहिले. तिनं आवाज खाली आणून विचारलं, "मुद्दाम केलंत?"

"घरात कुणाचा आवाज नसतो हो," काका म्हणाले.

ती रागावली नाही. माझ्याकडे लाल माणसं इतकी आहेत की बरं झालेल्याला सोडावंच लागतं, नंतर त्याचं काय होतं ते मलाही कळत नाही, असं तिनं थकलेल्या आवाजात सांगितलं.

पण ती गोष्ट तिनं मनात ठेवली नाही. काकांचा उल्लेख न करता योजनेच्या बैठकीत विषय काढला. साहेबांनी तपासायला लावलं, तर एकटे राहणारे कितीतरी लोक असेच बरे होऊन पुन्हा घसरलेले निघाले. तेव्हा अशा सभासदांनी, दोघांची तयारी असेल तर, एकमेकांना फोन करायचे असं ठरलं. साखर उतरून काका पुन्हा हिरव्या गटात आले, सिस्टरचे फोन थांबले, आणि त्यांच्या वाट्याला एक शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. त्याही एकट्याच.

मंगळवारी काकांनी नंबर लावला. "मी डॉक्टर नाही बरं का, लिफ्टवाला आहे," त्यांनी सुरुवात केली.

"इथे कुठली लिफ्ट बिघडलीय?" असं म्हणून बाईंनी फोन ठेवून दिला.

काका कितीतरी वेळ फोन हातात धरून बसले. उगाच होकार दिला असं त्यांना वाटलं. आता सिस्टरही नाही आणि ही बाईही नाही. पुढचा सगळा आठवडा ते कुणाशी चार शब्द बोलले नाहीत.

तरी मंगळवारी त्यांनी पुन्हा नंबर लावला, आणि या वेळी आपण कोण ते सांगत न बसता सरळ विचारलं, "जेवलात का?"

पलीकडे शिलाई मशीनचा आवाज थांबला.

"नाही," बाई म्हणाल्या.

"मीही नाही," काका म्हणाले.

पुढे काय बोलावं ते दोघांनाही सुचेना. पण फोन कुणीच ठेवला नाही.